चिकाचा डाग

शोरूममध्ये एसी इतका
की बाहेरचे सेहेचाळीस अंश अफवा वाटावेत.
जळगाव, मे महिन्यातली अकरा तारीख,
आणि माझी राखाडी गाडी
बॉनेटवर झेंडूचा हार घेऊन कोपऱ्यात उभी.

कामिनी बऱ्हाटे नावाच्या मुलीनं कोटेशन पुढे सरकवलं.
पेंट प्रोटेक्शन, एकवीस हजार नऊशे.
मी मागितलं नव्हतं.
ते आधीच बेरजेत येऊन बसलं होतं,
बोलावणं नसताना पंगतीत बसावं तसं,
पाटावर, रांगोळीसकट.

ती म्हणाली, ऊन.
म्हणाली, पाखरांची घाण, बोअरच्या पाण्याचे डाग,
तीन वर्षं नव्यासारखी चमक.
मग एक पत्रा आणला, अर्धा लेप दिलेला, अर्धा तसाच,
आणि बाटलीतलं पाणी ओतलं.
लेपावरचे थेंब गोल होऊन पळाले
तापल्या तव्यावर पळतात तसे.
बघायला खरंच छान होतं.
मी पुन्हा एकदा ओतायला लावलं.

मग विचारलं, केळीचा चीक?

सावद्याला मी केळीच्या ग्रुपवर हिशेब लिहिते.
ट्रक भरतात तिथेच ही उभी राहणार.
चीक आधी पाण्यासारखा दिसतो,
दुपारी तांबूस, दुसऱ्या दिवशी काळा.
कपड्यावरून डाग जात नाही, कपडा जातो.
माझ्या चार ओढण्या गेल्या.
कामिनी थांबली.
आडनावावरून तीही आमच्याच बाजूची,
तिच्या घरीही एखादी ओढणी गेलेली असणार.
"मॅनेजरना विचारते," म्हणाली,
आणि जागची हलली नाही.

सुपडूमामा एवढा वेळ गाडीभोवती फिरत होते.
बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात रंग मारला त्यांनी.
दाराशी वाकून, तिरक्या नजरेनं,
पत्रा वाचावा तसा रंग वाचत होते.
"पोरी, वरथून काच कंपनीनीच चढायेल शे.
आते हाई काचवर काच."
मग कामिनीला,
"दगड उडना ते?"
"दगडाला नाही, काका."
"कोनी खिळा वढना ते?"
"ओरखड्याला पण नाही."
"मंग कशाले?"
"उन्हाला, काका."
"उनले सावली शे ना."
हसता हसता त्यांना ती जुनी उबळ आली.
रुमाल काढला, तोंडाशी धरला.
तेव्हा नाकाला ओला रुमाल बांधून गन चालवायचे,
तेवढंच.

बारीक अक्षर हा माझा धंदा.
वॉरंटीचं तिसरं पान काढलं.
दर सहा महिन्यांनी तपासणी, तिचे पैसे वेगळे,
एक चुकली की सगळं रद्द.
आणि आठव्या कलमात, न भरून मिळणाऱ्या गोष्टींत,
झाडाचा डिंक, रस, चीक.
म्हणजे कुठल्यातरी शहरात बसून
कुणीतरी माझ्या सावद्याचा विचार केला होता.

पाठीमागच्या कोऱ्या जागेवर भागाकार केला.
दीडशे रुपयांत एक धुणं,
एकवीस हजार नऊशेत एकशे सेहेचाळीस.
दर रविवारी एक धरलं
तर तीन वर्षांना थोडंसंच कमी.
ओळीवर काट मारली.
कामिनीनं खाली सही घेतली, नवं बिल काढलं,
महिन्याच्या आकड्यांच्या वहीत काही लिहिलं नाही.
तिनं तेव्हा एकदा जरी वर पाहिलं असतं
तर मी कदाचित अर्धं तरी घेतलं असतं,
पण अर्धं मिळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात डाग पडला.
बॉनेटवर, डाव्या हाताला, चवलीएवढा.
मामा फोनवर म्हणाले, गोडं तेल लाव, रातभर ऱ्हाऊ दे.
फिका झाला. गेला नाही.
लेप असता तर गेला असता का,
ते मला माहीत नाही, कलम आठलाही नसावं.
काल चौथा रविवार.
सावलीत लावून मीच धुतली, बादली आणि फडकं,
डागाशी थोडी जास्त थांबले.
एकशे बेचाळीस राहिले.